हरिपूर रोड, गोदाम नंबर चार

कंट्रोलरची स्वतःची स्मरणशक्ती बेताची.
लाइट गेली की तो कोरा,
परत आल्यावर पहिल्यापासून मोजायला बसतो.
म्हणून त्याच्या शेजारी एक चिप बसवली,
आठ पायांची, हळकुंडाच्या तुकड्याएवढीही नाही.

दोन वायरींवर त्यांचं चालतं :
एकीवर ताल, एकीवर बोल.
आधी पत्ता सांगायचा, मग मजकूर.
दर बाइटनंतर ती तार जराशी खाली ओढते,
म्हणजे 'हं'.
लिहून झालं की पाच मिलिसेकंद हाक मारायची नाही,
मारली तरी ओ देत नाही.
कुलूप लावताना भूपालअण्णा बोलत नाहीत, तसं.

अण्णाच म्हणाले होते,
"गोदामात ओल किती, दर दहा मिनिटाला टिपून ठेव.
आणि दस्तगीर फेरी मारतो का नुसता घोरतो, तेही."
त्यासाठी मागच्या भिंतीला लाल बटण.
दस्तगीरनं ते पहिल्यांदा दाबलं
करंगळीनं, तवा तापलाय का बघावं तसं.

पहिल्या आठवड्यात मीच चुकले.
चिपचं पान चौसष्ट बाइटचं,
माझी नोंद नऊची.
आठव्या नोंदीचा एक बाइट मावला,
उरलेले आठ मागे फिरून
पानाच्या सुरुवातीला जाऊन बसले,
पहिल्या नोंदीच्या उरावर.
चार रात्रींची ओल अशी स्वतःलाच खाऊन गेली.

दस्तगीर म्हणाला, "पेवाचं पण असंच हाय, ताई.
तोंडाला लागलं की बास."
त्याचे वडील पेवं उघडायचे.
आधी कंदील सोडायचे खाली,
तो विझला तर माणूस उतरायचा नाही.

मी नोंद आठ बाइटची केली.
साल काढून टाकलं.
साल काय, पुराच्या खुणेशेजारी
भिंतीवर रंगवलेलं असतंच.

ऑगस्टात आयर्विनखालची पट्टी
कृष्णेनं फुटाफुटानं गिळत आणली.
एका रात्रीत चार नंबरमध्ये पाणी. सहाशे पोती.
सकाळी मार्केट यार्डात बोलणं पसरलं :
रखवालदार बारालाच पळाला,
नाहीतर वरच्या थप्प्या तरी निघाल्या असत्या.
दस्तगीर म्हणायचा, फोन लावला, लागला नाही.
चार दिवस म्हणाला.
मग म्हणायचा थांबला.

नवव्या दिवशी बोर्ड हातात आला.
कंट्रोलर मेलेला. बटणाच्या वायरीत गोगलगाय.
चिप काढली, स्पिरिटनं धुतली,
जुन्या टूथब्रशनं एकेक पाय घासला,
नव्या बोर्डावर बसवून पत्ता विचारला.
काही नाही.
पुन्हा विचारला.
'हं.'

बारा वाजता : ओल ऐंशी, बटण एक.
बारा पन्नास : लाइट गेली, बॅटरी चालू. बटण एक.
दीड : बटण दोन.
दोन : ओल एक्क्याण्णव, बटण चार.
दोन वीस : बटण अकरा.
दोन चाळीस : ओल नव्याण्णव, बटण एकतीस.
त्यापुढं एफएफ, एफएफ, एफएफ,
न लिहिलेल्या जागेत असंच असतं,
आठही घरांत एक-एक.

एकतीस.
दहा मिनिटांत एकतीस वेळा.
बटणाला घंटा नव्हती.
ते कुठंच वाजत नव्हतं,
नुसतं मोजत होतं.
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

अण्णांनी कागद दोनदा वाचला,
घडी घालून वहीत ठेवला,
आणि बराच वेळ गेल्यावर विचारलं,
"ते बटण कितीला पडलं होतं?"
बारा रुपये, म्हटलं.
संध्याकाळी त्यांची गाडी
दस्तगीरच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती,
आत जाईना, परतही फिरेना.

नव्या बोर्डाच्या बटणाला मी भोंगा जोडलाय.
चिप मात्र तीच ठेवली.
अठ्ठावीस दिवस भरले की ती जुन्यावरून लिहीत सुटते,
पण त्या रात्रीच्या पानांशी आली
की उडी मारते.
प्रोग्रॅममध्ये दोन ओळी जास्तीच्या.
का घातल्या, ते शेजारी लिहिलेलं नाही.