दांडीवरून

निशिकांत पागेदारचा उजवा पाय
मी सगळ्यात जवळून पाहिलाय.
मी गोलकीपर. माझ्यासमोर दुसरं असायचं काय?
दांडिया बाजारची आमची टीम, अकरा जणांत बूट सात जोड,
आणि हा पेनल्टीला सहा पावलं मागे जाऊन
नाकावरचा घाम बाहीला पुसायचा.
मग बॉल दांडीवरून.
दर वेळी नाही. पण गोल हवाच असला की हमखास.

मास्तर ओरडायचे,
"गोल खाली आहे रे, वर फक्त घारी!"
बॉल भिंतीपलीकडे, विश्वामित्रीच्या उतारावर,
आणायला मी.
एकदा मगर होती, दहा हातांवर.
बॉलकडे आणि माझ्याकडे
सारख्याच कंटाळ्यानं बघत होती.
तो बॉल तिथेच राहिला.

नव्व्याण्णव साली मावशीकडे गेला, विनिपेगला.
आठवडाभर गोदामात खोकी, रविवारी फुटबॉल, आपला.
तिथे कुणीतरी त्याला पाहिलं असणार
दांडीवरून मारताना,
कारण पुढच्या फोटोत डोक्यावर हेल्मेट.

पत्रात होतं :
इथला फुटबॉल हातानं खेळतात. चेंडू लहान पपईएवढा.
बाराजण, त्यात मी एकटा पायाचा.
उणे वीसला चेंडूची वीट होते.
आणि ऐक, इथे दांडीवरूनच मारायचा असतो.
खालून गेला तर शून्य.

मास्तरांना वाचून दाखवलं.
ते सेव-उसळ खात होते, थांबले,
मिशीची तर्री पुसली.
"पैसे देतात?"
देतात म्हटलं.
उरलेला पाव त्यांनी मला दिला.

नऊ मोसम खेळला. मग गुडघा.
शेवटची मॅच मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर पाहिली,
पहाटे, आवाज बंद करून.
बरोबरी, शेवटची किक, सहा पावलं, बाही.
चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.
मी डोळे मिटले. उघडले तर
सगळे त्यालाच खांद्यावर घेऊन नाचतायत.

फोनवर म्हणाला, हुकलेला चेंडू
मागच्या पट्ट्याच्या पार गेला तरी एक गुण.
"हुकल्याचा?"
"हुकल्याचा."

मी काही बोललो नाही, बोटं मोजत होतो.
म्हटलं, "मग रेल्वेविरुद्धची ती मॅच
आपण तीन-एक जिंकलो."

तिकडून बराच वेळ नुसता श्वास.
मग त्यानं विचारलं,
"मगरीवाला धरलास?"