सातवा रकाना

रजिस्टर कन्नडमध्ये, कण्हणं मराठीत.
मधे मी, निळं पेन घेऊन:
हेसरु, ऊरु, वयस्सु.
विचारते, नाव काय, गाव कुठलं,
लिहिताना बोटं आपोआप गोल वळतात.

डिसेंबर. कारखाने पेटलेत.
बारा ते तीन ही कॅज्युअल्टीची सुगी.
कडोलीचा, हत्तरगीचा, संकेश्वर बायपासचा,
कुणी टमटममधून, कुणी भाजीच्या टेम्पोत आडवा.
एकशे आठ यायची तेव्हा येते.

सातव्या रकान्यात कारण लिहायचं.
सोबतचा मेहुणा आधीच सांगतो,
"घसरून पडला मॅडम, आपापच."
पोलीस नकोत, कोर्टाच्या खेपा नकोत,
गाडी तिसऱ्याच्याच नावावर.
मी लिहिते: घसरून पडला.
या जिल्ह्यात माणसं फार घसरतात.

आज भरमाण्णा हुंदरे, सव्वीस.
मांडीचं हाड पँट फाडून बाहेर,
आणि हा विचारतो,
"क्यान सांडला काय हो? सोळा लिटर हुतं."
हेल्मेट होतं. हँडलला अडकवलेलं,
त्याच्यावर एक ओरखडा नाही.
केसांत पाचट. मी उपसून काढलं,
तर बोटाला गोडसर वास, दुधाचा नव्हे.
"मागं उजेडच नव्हता," तो म्हणाला,
"अंधारच उभा हुता रस्त्यात."
"गप की रे," मेहुणा म्हणाला.

माझं पेन जरा थांबलं.
सिस्टर ओरडली, बी पॉझिटिव्ह कुणी आहे काय,
आणि दारात पुढचं स्ट्रेचर.
घसरून पडला.

सकाळी घरी आले तर अंगणात टोपिन्नाचा ट्रॅक्टर,
मागं रिकाम्या दोन ट्रॉल्या, फटीफटीत पाचट.
भाऊ माझा कट्ट्यावर झोपलेला, चपलांसकट.
दिवाळीला मी आणलेल्या लाल चकत्या
अजून सीटखाली, रबरसुद्धा न काढलेलं.
मागच्या पत्र्याला एक पोचा.
नवा की जुना, दंवात कळत नव्हतं.
हात लावला नाही.

डोळे न उघडता तो म्हणाला,
"रात्री लई आले काय गं?"
"आले. सगळे घसरलेले."
"खरं," म्हणाला, आणि पुढं काही नाही.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
मी थोडा वेळ वाट बघितली त्या पणाची.

तो घोरायला लागला.
मग मी तार शोधायला आत गेले.