पुझुर्स

सगळ्यात लांब रात्रीला नऊ दिवस उरले होते
आणि बाजारात राईचा पेंढा नव्हता.
पुझुर्सच्या काड्या विकणारी ल्युबोव म्हणाली,
यंदा पीक आडवं झालं, उरलं ते हातात धरताच चुरा.
रिकाम्या पिशवीत वारा भरून घरी आले.
लिएपायात वारा पाहुणा नसतो,
भाडं थकवलेला भाडेकरू असतो.

खणात मेणबत्त्या शोधताना हाती लागल्या
आर्वीड्सच्या नळ्या.
शंभराचं पुडकं, त्रेसष्ट शिल्लक,
मान वाकवता येणाऱ्या, लाल रेघेच्या.
झटका आल्यावर अकरा महिने
त्याचं सगळं जेवणखाण या भोकातून आत गेलं:
बिटाचं सार, क्रॅनबेरीचा रस,
आणि नर्स जिना उतरली की
चमचाभर कडू काळी दारू.
मग एका सकाळी त्यानं पेला ओठांना लावला,
अर्धा अंगावर सांडला,
आणि पुडकं डाव्या हातानं टेबलावरून ढकललं.
त्यानंतर नळ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मी कात्री घेतली. माना छाटल्या.
बारा नळ्यांचा एक पिंजरा, आठ तोंडांचा, आत कुणीच नाही.
उसवलेल्या हिरव्या स्वेटरची लोकर
तारेच्या सुईनं आरपार.
पण प्लास्टिक निसरडं. पेंढा गाठ धरून ठेवतो, हे नाही.
दुसरा बांधेपर्यंत पहिला
मेल्या खेकड्यासारखा टेबलावर पसरला.

आर्वीड्स खिडकीशी बसून बघत होता.
एकतीस वर्षं बंदरात जहाजांचे दोर बांधलेला माणूस.
"न-नाही," म्हणाला. "अशी नाही."
खुर्ची पायानं रेटत आला.
एक टोक दातात, एक डाव्या मुठीत,
मधला फेर माझ्या बोटांवर.
दोघांचे मिळून तीन हात,
आणि भांडायला दोन तोंडं,
त्यातलं एक लोकरीनं भरलेलं.

पाच पिंजरे झाले. तीन नळ्या उरल्या.
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी
मी पाखरांसारखी कापली,
सकाळची, रात्रीची, रक्त पातळ करणारी,
आणि सगळं दिव्याच्या आकड्याला टांगलं.
साराची वाफ लागली तसं फिरू लागलं,
घाई नसल्यासारखं.

आई सांगायची, पुझुर्स घरातली भांडणं शोषून घेतो.
बर्फ वितळू लागलं की त्याला चुलीत घालावं.
पेंढा भुर्रकन पेटतो. झालं गेलं, राख.
पण हा जळायचा नाही.
वितळेल, काळा धूर सोडेल,
वरच्या मजल्यावरची झेनिया पोलिसांना बोलावेल.
"म्हणजे सगळं इथंच लोंबकळत राहणार?" मी म्हटलं.
पुडकं ढकललंस ते,
त्यावर मी बोलले ते,
तुला बोलता आलं नाही ते.

त्याचा जबडा हलत राहिला.
शब्द आत कुठंतरी जोडे घालत होता.
"धु-धुवू," म्हणाला.

मार्चमध्ये आम्ही तो न्हाणीच्या टबात सोडला.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण.
पाणी जरासं करडं झालं, बस.
एकही गाठ सुटली नाही,
हे त्यानं मला चार वेळा दाखवलं.
ओलाच परत टांगला.
दुपारभर तो टेबलावर ठिबकत होता
आणि आर्वीड्स आपली वाटी
इकडे सरकवत होता, तिकडे सरकवत होता,
मग माझी.