घायपाताचा खांब

क्लायपेडात जानेवारीत दुपारी चारलाच दिवे लागतात.
त्या वेळी ब्रोन्यूस दुकानात आले,
टोपीवरचा बर्फ दाराबाहेरच झटकून.
चाळीस वर्षं बंदराच्या दोरखंड-कोठारात काढलेला माणूस.
म्हणाले, मांजरीला ओरबाडायला काहीतरी द्या.
खुर्चीचा एक हात संपला,
दुसऱ्याचं काम सुरू झालंय.
दहा वर्षं तरी टिकलं पाहिजे.

मी मांजरीचं वय विचारलं नाही.
त्यांचंही नाही.
काउंटरमागे उभं राहिलं की
काही प्रश्न गिळायची सवय लागते.

पहिला खांब गालिच्याच्या कापडाचा.
त्यांनी हात लावला आणि काढून घेतला:
हा तिला शिकवेल, की गालिचा फाडलेला चालतो.
दुसऱ्यावर टिचकी मारली. पोकळ. पुठ्ठ्याची नळी.
वर लोंबणारा पिसांचा बोळा बघून
मला जरा माझीच लाज वाटली.
तिसऱ्याचा दोर स्टेपलने ठोकलेला होता;
काही न बोलता एक पिन नखाने उचकटून
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

मग कोपऱ्यातला तो.
बीचचं भरीव लाकूड, छातीएवढं उंच,
खाली जात्याच्या तळीसारखा दगडी पायथा,
घायपाताचा दोर, गच्च, डिंकात बसवलेला.
अंगठ्याने पीळ उलटा फिरवून पाहिला. हलला नाही.
सुंभ जळाला तरी ज्याचा जात नाही, तो हा पीळ.
मग कोटासकट, दोन्ही हात वर टाकून
एक्याऐंशी वर्षांचे ब्रोन्यूस खांबाला लटकले.
माशांचं खाद्य घ्यायला आलेला मुलगा
आईचा हात धरायचं विसरला.
खांब डगमगला नाही.
हाच, ते म्हणाले, धापा टाकत.

दुकान बंद करून मी तो घसरगाडीवरून पोचवला.
डाने नदीवर बर्फाची साय धरली होती.
घर तळमजल्यावर. खुर्चीशेजारी एक बुटका स्टूल,
आणि स्टूलशेजारी त्याहून बुटकं खोकं.
रुडे खाली आली ती या पायऱ्यांनी,
प्रत्येकीवर थांबून,
जणू पुढची पायरी अजून बांधायची आहे.
खांब हुंगला.
पुढचा एक पंजा उचलला,
हवेत धरला,
खाली ठेवला.

मग उलट चढून खुर्चीत जाऊन आडवी झाली
आणि पडल्या पडल्या, छातीच्या उंचीवर,
उरलेला हात ओरबाडू लागली.

किती वर्षांची आहे? मी आता विचारलं.
सतरा, ते म्हणाले,
आणि आम्ही दोघेही त्या उंच, भक्कम
उभ्या चुकीकडे बघत राहिलो.

पाना आहे का?
होता. तीन बोल्ट.
पायथा सुटला, खांब जमिनीवर आडवा झाला
आणि लगेच गडगडत टेबलाखाली निघाला.
ब्रोन्यूस गुडघ्यांवर बसले, सावकाश, एकेक गुडघा.
जुन्या सुतळीने त्याला हीटरच्या पायाशी
एका गाठीने बांधला.
त्या गाठीचं नाव त्यांनी सांगितलं, मी विसरले.
बोटं मात्र आठवतात.
गाठ बघायची त्यांना गरज पडली नाही.

रुडे बराच वेळ आली नाही.
चहा झाला. मी बूट घालत होते
तेव्हा मागे आवाज आला,
करकर, करकर,
लोण्याचा पाव कापावा तसा.
मी वळून पाहिलं नाही, ब्रोन्यूसांनी खूण केली होती.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी विचारते:
उभी राहून ओरबाडते की पडून?
काहींना राग येतो.

मे महिन्यात ते पुन्हा आले. नुसता दोर हवा होता.
मधला भाग झिजलाय, म्हणाले.
पायथा? तो नवाच आहे,
समुद्राचा वारा सुटला की दाराला लावतो.
दहा वर्षांचं काही बोलले नाहीत.
आठ वाव द्या.
माझी मोजपट्टी बाजूला सारून
दोन्ही हात पसरून स्वतःच मोजू लागले.
सहाव्या वावेला दंड थरथरले.
मी दोराचं दुसरं टोक धरलं,
आणि आकडा मोठ्याने म्हटला,
चुकू नये म्हणून.