सुपारी फुटते तसं

ऋजुता खैरनार पुण्याहून आली तेव्हा
तिच्या ड्रॉइंगवर सगळं होतं.
केस बेचाळीस मिलिमीटर, स्टील तीनशे सोळा एल,
काच सफायरची, पाणी दोनशे मीटर,
आणि उजवीकडच्या वरच्या बटणापाशी
पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.

दाबल्यावर कसं वाटायला हवं?
तिनं विचारलं, अंबडला, आमच्या टूलरूममध्ये,
जिथं वाटण्याला माप नसतं
आणि बाकी सगळं मायक्रॉनात असतं.

आम्ही स्प्रिंगा बदलल्या.
पाच न्यूटन: दारावरची बेल, कुणीही यावं, दाबून जावं.
बारा न्यूटन: अंगठ्याला राग येतो.
आठला बरं वाटलं, पण मुकं.
ती म्हणाली, आधी त्यानं नाही म्हणायला हवं
आणि मग एकदम हो.

गायधनी काका खिडकीशी डबा संपवून
सुपारी कातरत होते.
पितळी अडकित्ता, बिजागरीत थोडा ढिला.
सुपारी अडली. अडली.
कट्.
खैरनार बाई अशा वळल्या
जणू कुणी नावानं हाक मारली.

मग दोन दिवस फोर्स गेजखाली सुपाऱ्या.
रोठा, चिकणी, भाजकी, एक भिजवलेली (ती बाद).
आलेख निघाला: चढ, चढ, आणि एकदम तुटलेला कडा,
त्र्यंबकच्या रस्त्यावरून अंजनेरी दिसते तसा.
तोच आम्ही स्टीलमध्ये कापला.
सहा खांबांचं चाक, करंगळीच्या नखाएवढं.
खांबाच्या कडेवर तरफ चढते, चढते,
घसरते.
एका खांबाला दोन मायक्रॉन जास्त राहिले
तर किडकी सुपारी लागते अंगठ्याला.
काकांच्या अंगठ्याला. गेजला ते नंतर पटतं.

मग त्याला मारलं.
मीटरभरावरून लाकडी फळीवर,
मिठाच्या धुक्यात चार दिवस,
निफाडच्या द्राक्षबागेत जानेवारीची एक रात्र
तारेला टांगून, पहाटे पारा तीनवर,
आणि माझ्या मोटरसायकलच्या हँडलला बांधून
कसाऱ्याचा घाट सहा वेळा खाली-वर.
सातव्यांदा आत वाफ धरली.
बटणाच्या नळीत गास्केट पिळवटलं होतं,
नळीला केसाएवढा ओरखडा, माझ्याच टूलचा.
कुणाला बोललो नाही.
रात्रपाळीत चाळीस नळ्या नव्यानं केल्या.
हे आत्ता सांगतोय.

खालचं बटण वेगळं.
त्याच्या पोटात पिंपळपानासारखा कॅम.
इंजिनीयर लोक त्याला हार्ट म्हणतात, लाजत नाहीत.
काटा कुठंही असो, तेरावर, एक्केचाळीसवर,
हातोडी त्या पानावर पडते,
पान आपसूक फिरतं
आणि काटा शून्यावर.
काकांनी वीस वेळा करून पाहिलं.
म्हणाले, असलं एक माझ्या गुडघ्यात बसवा.

किंमत कळली त्या दुपारी जेवताना कुणी बोललं नाही.
माझे एकोणीस पगार.
शेवटी बोराडे म्हणाला, वेळ तीच दाखवतं ना?
दिवसाला चार सेकंद चुकतं, मी म्हणालो,
आणि का कोण जाणे, अभिमानानं म्हणालो.

फेब्रुवारीत काका रिटायर झाले.
बाईंनी पहिलं घड्याळ आणलं, त्या संध्याकाळपुरतं.
काकांनी हातात धरलं, घातलं नाही.
अडतीस वर्षं मशीनवर मनाई:
घड्याळ, अंगठी, लांब बाही.
मनगट कोरं राहायला शिकलेलं.
वरचं बटण दाबलं. कट्.
लेथपासून गेटपर्यंत चालत गेले,
वॉचमनशी दोन शब्द बोलले. कट्.
मोठा काटा थांबला,
तीन मिनिटं, सव्वीस सेकंदांवर.
नऊच्या जागचा छोटा काटा चालूच होता,
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

खालचं बटण त्यांनी दाबलं नाही.
तसंच घड्याळ बाईंच्या हातात दिलं
आणि खिशात अडकित्ता चाचपला.