टिटवीचा पडदा

अठरा वर्षं मी रडारच्या हिरव्या पडद्यासमोर बसलो.
आता चुलबंदच्या काठाला, बांधीच्या धुऱ्यावर बसतो.
फरक फार नाही,
इथे पडद्याचं काम टिटवी करते.

बहिणीची पोर चेतना, बारावीतली, वहीत विमानं काढते.
"मामाजी, कोनतं बरं?
जे दिसतच नाही ते, का जे सापडतच नाही ते?"

लाखोळीच्या रानावर तेव्हा
कोतवालाने घारीला धरलं होतं.
मूठभर काळा जीव, शेपटीला दोन फाटे,
मागून, खालून, पुन्हा वरून;
घार एकदा वळेपर्यंत हा दोनदा वळून झालेला.
चेतना टाळी वाजवणार, तोच मी म्हटलं,
दर वळणाला तो किती खाली येतो, ते मोज.
वळण फुकट नसतं, पोरी.
वैमानिकाचं डोकं त्या क्षणी
धानाच्या कट्ट्याएवढं जड होतं,
नजरेच्या कडा करड्या पडतात,
आणि कमावलेला वेग
हवेत सांडून जातो.

"मंग लपणारंच बरं."

लपणाऱ्याचं मी काय सांगू?
मला तो कधी दिसला नाही.
किंवा दिसला असेल, एका रात्री,
चंडोलाएवढा ठिपका, एकदाच.
मी नोंदवला नाही.
साहेब म्हणाले असते, टेंभुर्णे, पाखरू असेल.
पाखरूच असेल.
अजून झोपेत मी तो ठिपका पुसत असतो.

एवढं माहीत आहे, त्याला काटकोन चालत नाही,
अंगावर साधा ओरखडा चालत नाही.
शस्त्र पंखाखाली टांगायचं नाही, पोटात ठेवायचं.
कुणाशी बोलायचं नाही,
स्वतःचा दिवा लावायचा नाही.
आणि मारायच्या घटकेला
पोट उघडावंच लागतं.
तेवढाच दिसतो. तेवढ्यात कुणी पाहत असेल तर.

अंधारात वहीतलं विमान दिसेनासं झालं.
मोहावरून गव्हाणी घुबड सुटलं,
टिटवीच्या डोक्यावरून हातभर उंचीने गेलं.
टिटवी गप्प.
धानाच्या खुंटांत एक चीं, अर्धीच.

"काय गेलं, मामाजी?"

बऱ्याच वेळाने टिटवी ओरडली,
रिकाम्या आभाळाकडे बघून, जीव तोडून.
मी सवयीने घड्याळ पाहिलं.
सहा बेचाळीस. दिशा ईशान्य.
लक्ष्य, काही नाही.