डाव्या हातावरचे केस

सप्टेंबर सरत आला की
सिल्वीच्या दुकानात दूध घ्यायला गेलेल्या बाईच्या
हाताकडे आधी बघतात.
"लागलीस का कामाला?" सिल्वी विचारते.
कोपराच्या खाली नाण्याएवढी जागा
गुळगुळीत झालेली असते माझी.
धार हातावरच्या केसांवर बघायची, दुसरीकडे कुठे बघणार?
या गावात शिकारीचा हंगाम असाच कळतो,
एकेकाचा डावा हात बोडका होत जातो.

शाळेच्या बसची शेवटची फेरी आटोपून
मी गॅरेजात बसते.
सुपीरिअर सरोवराचा वारा दाराखालून येतो,
शेगडीची ज्योत वाकवतो.
डब्यात पाती.
तीन पात्यांची, चकचकीत, एन्सिओच्या मुलाने दिलेली:
"मावशी, धार कारखान्यातूनच येते, नुसती फिरवून बसवायची."
परत केली नाहीत. वापरलीही नाहीत.
माझं धनुष्य त्रेचाळीस पौंडांचं,
एवढ्याशा ओढीला रुंद पातं म्हणजे
अरुंद दारातून आडवी शिडी.
मला दोन धारांचं लागतं, लांबट, जड,
एकशे साठ ग्रेनचं, कसली घाई नसलेलं.

गोंदाची कांडी वितळते,
सीडरच्या काडीवर पातं बसतं.
नखावर टोक टेकवून फिरवायचं,
डुगडुगलं की पुन्हा तापवायचं.
चौथ्या खेपेला सरळ फिरतं.

मग कानस.
मी उतारावर काळ्या मार्करची शाई भरते
आणि कानस कुठली शाई खाते ते बघते.
टोकाकडची गेली, मागची राहिली:
हात तिरपा पडतोय.
वेइक्को कारवोनेन, माझा बाप, मार्कर वापरत नसे.
तो कानाने लावायचा.
"खरखर येतेय तोवर तू लोखंडाशी भांडतेयस.
कुजबुज आली की थांब."
आमच्याकडे आई धार काढायची, बाप धार लावायचा.
गोठ्यातून चरचर, शेडमधून चरचर,
आणि जेवताना दोघांच्याही बोटांना
सारख्याच भेगा.

गेल्या वर्षी
पंधरा पावलांचा नियम मी बावीसवर मोडला.
हरणी वळली. बाण मागे लागला.
पाच थेंब, मग तीन, मग दलदल,
मग बॅटरीच्या उजेडात
फक्त माझ्याच बुटांचे ठसे, पाणी भरत चाललेले.
दोन दिवस शोधलं. एन्सिओ आला, त्याची म्हातारी कुत्री आली.
होतं असं, म्हणाले सगळे.
या वाक्याने रबरबँडसुद्धा कापला जाणार नाही.

मे महिन्यात मोरेल अळंब्या शोधताना सापडलं:
शेवाळ, बरगड्या,
काडी साळिंदराने कुरतडलेली,
आणि दोन बरगड्यांमध्ये माझंच पातं,
तांबेरलेलं.

आज ते डब्याच्या तळाशी होतं.
गंज निघाला. तासभर गेला. कुजबुज आली.
जुन्या पट्ट्याच्या कातड्यावर चार वेळा उलटसुलट ओढलं.
खोटं कशाला सांगू,
बाकी पाचांपेक्षा चांगली धार चढली त्याला.
रबरबँड ताणून नुसता टेकवला,
तर दोन तुकडे,
आवाजही नाही.

ते काडीवर चढवलं.
फिरवलं. सरळ होतं.
मग पुन्हा शेगडी पेटवली
आणि उतरवलं.
का, ते सिल्वीने विचारलं तरी सांगता यायचं नाही.
भात्यात पाच पुरेत.
एका सकाळी एकच बाण सुटतो,
तोही सुटलाच तर.

उद्या उजाडायच्या आत
त्या हेमलॉकच्या बुंध्यापासून पंधरा पावलं मोजून
चारी बाजूंना फीत बांधून येणार आहे.
माझी पावलं.
बापाची मोजून चालायचं नाही,
त्याची लांब पडायची.